तळाचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना झाडू आहे, पण कोरडी जमीन झाडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझं सगळं आयुष्य पाण्याखाली गेलं. घरामागच्या पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करणारा व्हॅक्यूम म्हणतात मला. दोन वितींएवढं रुंद निळं अंग, खाली आठ छोटी चाकं, कडेला ब्रश, मी तरंगू नये म्हणून पोटात एक जड तुकडा, आणि तोंड पाठीवर. पाठीवर तोंड असलेलं कुणी तुम्ही पाहिलं नसेल. हसा, खुशाल हसा. मला सवय आहे.

त्या तोंडाला एक लांबलचक नळी जोडतात. नळीचं दुसरं टोक तलावाच्या भिंतीतल्या भोकात बसवतात आणि तिथून मोटर पाणी ओढते. मी तळावरून फिरतो. माती, पानं, मेलेले किडे, जे येईल ते गिळतो. घाण गाळणीत अडकते आणि पाणी स्वच्छ होऊन तलावात परत येतं. काम ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

त्या घरातल्या साहेबांना असंच सोपं वाटलं होतं. मला खोक्यातून काढलं त्या दिवशी त्यांनी नळी जोडली, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आता नळी आधी पाण्यानं भरून घ्यावी लागते, नाहीतर मोटर पाण्याऐवजी हवा गिळते. पण आमच्या साहेबांना माहितीपत्रक वाचायचा मोठा कंटाळा. मोटरला असा ठसका लागला की मोटरच्या खोलीतून जळका वास आला आणि साहेबांच्या बायकोनं खिडकीतून विचारलं, "झालं का तुमचं समाधान?"

दुसऱ्या दिवशी पाणीकाका आले.

पाणीकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. घरातल्या मुलीनं, म्हणजे भिंगरीनं, ते त्यांना दिलं. भिंगरी हेही तिचं खरं नाव नव्हे. ती एका जागी बसत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि काकांच्या पायात पायात करत होती. काका गावातल्या पंधरा-वीस घरांचे तलाव साफ करायचे. किडकिडीत माणूस, डोक्यावर कापडी टोपी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं करून एकेक चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला आहेस रे. फक्त घाई करायची नाही."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागत असू. लांब दांड्याच्या टोकाला मी, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला काका. उथळ बाजूच्या पायऱ्यांपासून सुरुवात, डावीकडून उजवीकडे पट्टे घेत घेत, मग उतारावरून खाली, आणि शेवटी खोल बाजूच्या कोपऱ्यात, जिथे तळाची जाळी आहे. काठावरून पडलेलं काहीही उतारावरून घसरत त्याच कोपऱ्यात येऊन थांबतं. काका मला इतके हळू फिरवत की बघणाऱ्याला जांभई यावी. पण जोरात ढकललं की तळाची बारीक माती उसळते आणि सगळं पाणी गढूळ होतं. मग दिवसभर बसा ती खाली बसायची वाट बघत.

काम झालं की काकांची एक पद्धत होती. खिशातून स्टीलचा एक चमचा काढायचे. चमच्याला लाल दोरा बांधलेला. दोऱ्याचं टोक शिडीला अडकवून चमचा खोल बाजूला सोडायचे. मग काठावर उभे राहून तळाकडे बघायचे. "नुसता चकाकला म्हणून चालत नाही," ते भिंगरीला सांगत. "दांडा कुठे आणि तोंड कुठे, हे काठावरून कळलं, तर पाण्यात उतरायचं. नाही कळलं, तर कुणीही उतरायचं नाही. तुझे बाबा असले तरी नाही."

घरात हा कायदाच झाला. "चमचा दिसला का?" एवढंच सगळे विचारत. भिंगरी सहा-सात वर्षांची झाल्यावर चमचा बघायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं. काका विचारायचे, "दिसतोय का?" आणि ती पोटावर आडवी होऊन, नाक पाण्याला टेकवून ओरडायची, "दिसतोय!" मग काका स्वतः एकदा बघत, मान हलवत आणि मगच तिला उतरू देत. आहाहा, काय दिवस होते ते! मला नळाखाली धुऊन मोटरच्या खोलीतल्या खुंटीवर टांगत, आणि खिडकीतून मला तिच्या पोहण्याचा छपछप आवाज ऐकू येई.

आता जे सांगायचं ते सांगताना मला जड जातंय.

तीन वर्षांपूर्वी काकांचा हात बदलला. आधी ते मला पानाकडे नेत असत. पान दिसलं की दांडा तिकडे वळे. पुढे पुढे मी पानाच्या शेजारून जाऊ लागलो आणि दांडा वळेना. मग काकांनी पट्टे अरुंद केले. एका जागेवरून दोनदा, कधी तीनदा जाऊ लागले. तळावर खडा लागला की दांड्यातून तो त्यांच्या तळव्याला कळे. फरशीचा कुठला सांधा उचकटलाय, उतार नेमका कुठे सुरू होतो, जाळी किती पावलांवर आहे, सगळं त्यांच्या हातांनी पाठ केलं. तळ पहिल्यासारखाच लख्ख निघे. कुणालाही शंका आली नाही. पण दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो ना! मला कळलं होतं. काकांना दिसेनासं झालं होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. का, ते एकदा मोटरच्या खोलीत गाळणी उघडताना स्वतःशीच पुटपुटले. "ज्याला तळ दिसत नाही, त्याला तलावावर कोण उभं करील?" आणि खरं सांगतो, मलाही ते गुपित पोटात ठेवायला आवडलं. आम्ही दोघं न बघता काम करतोय आणि कुणाला पत्ताही नाही, याचा मी चक्क भाव खात होतो. आज त्याची लाज वाटते.

भिंगरीला कळलं ते मात्र खोडी काढताना. एका शनिवारी तिनं चमचा दोऱ्यातून सोडवून मुठीत लपवला आणि नुसता दोरा पाण्यात सोडला. काकांनी विचारलं, "दिसतोय का?"

"दिसतोय!" भिंगरी हसू दाबत म्हणाली.

काकांनी तळाकडे पाहिलं. नेहमीसारखी मान हलवली. "शाबास. उतर."

भिंगरीचं हसू तिथंच विरलं. तिनं मूठ उघडून त्यांच्यासमोर धरली. काकांना तेही दिसलं नाही. तेव्हा तिनं तो चमचा त्यांच्या हातात ठेवला. काका बराच वेळ चमच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

"थोडं धूसर दिसतं गं. उन्हाचा त्रास."

"आईला सांगू? ती दवाखान्यात नर्स आहे ना, ती डोळे तपासायला नेईल."

"नको नको!" काका एवढे पटकन म्हणाले की ती दचकली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला दिसतंय ना? मग झालं तर. तू माझे डोळे. आपल्या दोघांतच ठेव, बरं का."

भिंगरीनं मान डोलावली. तिला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं असेल! दहा वर्षांची पोर ती. मित्रांनो, मोठ्या माणसानं आपलं गुपित हातात दिलं की छाती फुगते. पण ते ओझं किती आहे, हे उचलल्याशिवाय कळत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मोटर बंद पडली. दुरुस्तीवाला यायला तीन आठवडे लागले. पाणी जागच्या जागी उभं राहिलं, हिरवं झालं, त्याला वास येऊ लागला. मोटर सुरू झाल्यावर काकांनी शुक्रवारी औषध टाकलं. औषधानं शेवाळ मेलं आणि राखेसारखं तळाशी बसलं. असा गाळ फार नाजूक. मला त्यावरून अगदी हळूहळू फिरवायचं, मग निदान एक दिवस पाण्याला हातही लावायचा नाही. काकांना हे माहीत होतं. त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

पण शनिवारी पाहुणे येणार होते. भिंगरीची आत्या आणि तिची सहा वर्षांची मुलगी. त्या मुलीला सगळे पिल्लू म्हणत. पिल्लू पहिल्यांदाच तलावात उतरणार होतं, आणि गेले तीन आठवडे भिंगरी फोनवर तिला त्याच गोष्टी सांगत होती.

"काका, जरा हात उचला हो," भिंगरीची आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "अकराला माणसं येतील."

"उद्यावर ढकलता नाही येणार का, ताई?"

"अहो, पोरींनी जीव खाल्लाय माझा. आणि उद्या सकाळीच त्या परत जायच्या."

काकांनी दांडा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला घाईघाईनं ढकललं. मी काय करणार? माझ्या चाकांखालून राख उसळली. पहिल्या पट्ट्यालाच माझ्याभोवती पांढुरकं धुकं झालं, दुसऱ्याला मला माझीच चाकं दिसेनाशी झाली. मी मनातल्या मनात बोंब मारत होतो, थांबा, काका, थांबा! पण माझं तोंड पाठीवर, आणि त्यातून फक्त पाणी जातं. वर काठावर काकांना नुसता उन्हाचा लखलखाट दिसत होता.

मला बाहेर काढून त्यांनी काठावर ठेवलं. चमचा सोडला.

"भिंगरी, दिसतोय का?"

तोवर गाडी आली होती. पिल्लू लाल रंगाचा पोहण्याचा पोशाख घालूनच उतरलं होतं आणि दंडांवर हवेच्या पिशव्या चढवून पायरीवर एका पायावर नाचत होतं. "ताई, उतरू? ताई, उतरू ना?"

भिंगरी पोटावर आडवी झाली. मी तिच्या शेजारीच पडलो होतो. तिनं बघितलं. हात आडवा धरून पुन्हा बघितलं. लाल दोरा पाण्यात हातभर खाली गेला होता आणि तिथून पुढे काही नव्हतं. साबणाच्या पाण्यासारखं सगळं पांढुरकं. तिनं मान वर करून पिल्लूकडे पाहिलं. मग काकांकडे. काका नेहमीसारखे मान तिरकी करून उत्तराची वाट बघत होते.

"दिसतोय," भिंगरी म्हणाली. या वेळी ओरडून नाही.

काकांनी मान हलवली.

साहेब टॉवेल खांद्यावर टाकून आले. "आज जरा धुरकट वाटतंय का हो पाणी?"

"औषधाचं असेल, साहेब. चमचा दिसला."

"मग ठीक आहे."

बघा मित्रांनो, कसं झालं ते. साहेबांनी काकांवर विश्वास ठेवला, काकांनी भिंगरीवर, आणि भिंगरीच्या आईनं, म्हणजे ताईंनी, सगळ्यांवर. एवढी मोठाली माणसं त्या एका पोरीच्या एका शब्दावर पाण्यात उतरली.

दहा-पंधरा मिनिटं हसणं-खिदळणं चाललं होतं. काका माझी नळी गुंडाळत होते. तेवढ्यात आत्यांचा आवाज आला. "पिल्लू कुठंय?"

हवेच्या दोन पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या. त्या दंडाला काचतात म्हणून पिल्लूनं काढून टाकल्या होत्या. उथळ बाजूला ते कुठेच नव्हतं. काठावर नव्हतं. घरात पळालं असेल म्हणून ताई आत धावल्या आणि तशाच परत आल्या. सगळे पाण्याकडे बघत होते आणि पाण्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. साहेबांनी बुडी मारली. वर आले ते हात रिकामे. "काही दिसत नाही! खाली काही दिसत नाही!" आत्यांनी जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते.

"बाहेर या! सगळे बाहेर या, पाणी हलवू नका!" काका ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझी नळी उपटून फेकली, दांडा उचलला आणि मला पाण्यात घातलं. पायऱ्यांपासून सुरुवात केली नाही. उतार जिथे संपतो तिथे सरळ मला नेलं, आणि तळ दाबत, डावीकडून उजवीकडे, त्या जाळीच्या कोपऱ्याकडे. आता त्यांचा हात घाई करत नव्हता. त्यांना कुणापेक्षा कमी दिसत होतं असं त्या घडीला म्हणायला जागाच नव्हती, कारण तिथे कुणालाच काही दिसत नव्हतं. त्या तळाची वाट फक्त त्यांच्या हातांना माहीत होती.

फरशी. फरशी. उचकटलेला सांधा. फरशी. आणि मग माझा ब्रश एका मऊ गोष्टीला टेकला.

मी गाळ गिळलाय, पालापाचोळा गिळलाय, एकदा भिंगरीचा पडलेला दातसुद्धा गिळलाय. पण तसा स्पर्श मला कधीच झाला नव्हता आणि पुन्हा कधी होऊ नये.

"इथे!" काका म्हणाले. "साहेब, दांडा धरून खाली या. डोळे मिटा नि दांडा सोडू नका."

साहेब दांड्याच्या आधारानं उतरले. त्यांचा हात आधी माझ्यावर पडला, मग शेजारी. पुढच्या क्षणी ते पिल्लूला घेऊन वर गेले. ताईंनी तिला काठावर आडवं घातलं, तोंडातून श्वास भरला, छाती दाबली. पुन्हा श्वास. पुन्हा छाती. मी पाण्यात कोपऱ्यात तसाच उभा होतो आणि वरचं काही दिसत नव्हतं. फक्त ताईंचे आकडे ऐकू येत होते. मग खोकला आला. पाणी ओकल्याचा आवाज आला. आणि मग रडणं! त्या रडण्याएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

पिल्लू वाचलं. चार दिवस दवाखान्यात राहिलं, पण वाचलं.

दवाखान्याची गाडी गेल्यावर साहेब काकांसमोर उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं. "चमचा दिसला म्हणालात तुम्ही! म्हणालात की नाही?"

मोटरच्या खोलीच्या दाराआड भिंगरी बसली होती, गुडघ्यात तोंड खुपसून. ती तिथूनच म्हणाली, "मी खोटं बोलले, बाबा. काकांना दिसत नाही. मला माहीत होतं, तरी मी बोलले."

साहेब तिच्याकडे वळणार, तोच काकांनी त्यांचा हात धरला. "तिला काही बोलू नका. चूक तिची नाही. दोन वर्षं मला तळ दिसत नाही, साहेब. माझं काम मी दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवलं आणि वर तिला गप्प बसायला सांगितलं. हे माझं आहे."

साहेबांनी हात सोडवून घेतला. "तुमच्यामुळे ती बुडाली," ते म्हणाले, "आणि तुम्ही नसता तर ती सापडली नसती. मी काय बोलू तुम्हाला? सांगा ना, काय बोलू?"

काकांनी मला धुतलं. ब्रशमधली राख बोटांनी काढली. खुंटीवर टांगलं आणि टोपी घालून निघून गेले. जाताना फाटकाची कडी त्यांना चाचपडून शोधावी लागली. लपवायची गरज आता उरली नव्हती.

मग माझे वाईट दिवस आले. तलावावर एक नवं यंत्र आलं, आपलं आपण सरपटणारं. त्याला दांडा नाही की माणूस नाही. मी खुंटीवर. माझ्या पाठीवरच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलं, उन्हानं नळीला भेगा पडल्या, एक चाक अडकलं ते अडकलंच. पण मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते भिंगरीचं. ती पाण्यात उतरेनाशी झाली. मोटरच्या खोलीत येऊन गाळणीवर बसायची, माझ्याकडे बघायची आणि निघून जायची. एका जागी इतका वेळ बसलेली भिंगरी बघवत नव्हती. कधी कधी मला विचारायची, "तू का नाही सांगितलंस?"

काकांना ताईंनीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेला तो गेलाच. वेळेवर आले असते तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यात जेवढं उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं. हे ताई मोटरच्या खोलीबाहेर आत्यांना फोनवर सांगत होत्या. आत्या पलीकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण ताई बराच वेळ नुसतं "हो ना, हो ना" म्हणत रडत होत्या.

वर्ष गेलं. परवा शनिवारी खोलीचं दार उघडलं. भिंगरी होती. तिनं मला खाली काढलं, जाळं पुसलं, अडकलेलं चाक तेल घालून सोडवलं. भेगा पडलेल्या नळीच्या जागी नवी नळी आणली होती, ती आधी नीट पाण्यानं भरून घेतली. बाहेर काठावर खुर्ची टाकली होती आणि खुर्चीत काका बसले होते, तीच कापडी टोपी घालून. पायरीजवळ आत्या उभ्या होत्या, पिल्लूचा हात घट्ट धरून. पिल्लू एक दात पडण्याएवढं मोठं झालं होतं. पाण्याकडे बघत होतं आणि मागेही सरकत होतं.

भिंगरीनं मला हळू फिरवलं. जांभई यावी इतकं हळू. मग काकांनी खिशातून चमचा काढून तिच्या हातात दिला. दोरा तोच, लाल.

"दिसतोय का?" काकांनी विचारलं.

भिंगरी पोटावर आडवी झाली. मी तिच्या शेजारी होतो, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पाणी निळंशार दिसत होतं. साहेब आणि ताई खुर्चीमागे येऊन थांबले. पिल्लूनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, उतरू?"

"चकाकतोय," भिंगरी म्हणाली. पुन्हा वाकून बघितलं. "पण दांडा कुठे आणि तोंड कुठे, ते कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही दिसत, काका."

"मग?"

भिंगरी उठून बसली. पिल्लूकडे बघताना तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "मग आज कुणीही उतरायचं नाही. बाबा असले तरी नाही."

आत्यांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. काकांनी हात पुढे करून भिंगरीचं डोकं शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला.

मित्रांनो, मी बोलून चालून एक झाडू. मला वापरलंत की धुऊन सावलीत टांगा, एवढं माझ्यासाठी पुरे. पण तुम्हाला कुणी विचारलं, दिसतंय का, तर आधी नीट बघा, आणि नसेल दिसत तर नाही म्हणा. समोर कुणी कितीही आशेनं उभं असलं तरी म्हणा. आणि कुणाला दिसत नाही हे तुम्हाला कळलं, तर ते पोटात ठेवू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

त्या दिवशी पाणी रात्रभर निवळू दिलं. रविवारी सकाळी भिंगरी पुन्हा आली आणि मला घेऊन पायऱ्यांपासून सुरुवात केली.